डग्गा कुठे गेला?

बाबांना हल्ली हॉलपर्यंत यायला त्रास होतो. म्हणून परवा स्पीकर त्यांच्या खोलीत न्यायचे ठरवले. अ‍ॅम्प्लिफायर हॉलमध्येच. भिंतीच्या कडेने वायर मोजली, आठ मीटर भरली.

दुकानदाराने महागडी वायर दाखवली. "आवाज खुलतो साहेब!" मी हिशोब करून गेलो होतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध, जाऊन-येऊन सोळा मीटरला, साधारण 0.2 ओहम. स्पीकर 8 ओहमचा. म्हणजे अडीच टक्के. पाचच्या आत असलं की पुरे. साधी दोन पदरी वायर घेतली, दोन्ही स्पीकरना सारख्याच लांबीची.

संध्याकाळी भीमसेनजी लावले. बाबा थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "अरे, डग्गा कुठे गेला?"

"बाबा, कानातलं मशीन लावलंय ना?" मी विचारलं. ते गप्प बसले.

रात्री स्पीकरच्या मागे बघितलं, तर एकाचे लाल-काळे उलटे जोडलेले! अशा वेळी एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, आणि खर्जाचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. वयानुसार कान जातात तेही आधी वरच्या सुरांना. खर्ज बराच काळ टिकतो. बाबांनी बरोबर ऐकलं होतं. ऐकू आलं नव्हतं ते मला.

सकाळी तारा बदलून तीच सीडी लावली.

"आला," बाबा म्हणाले. बोटं मांडीवर ठेका धरू लागली.

मशीनबद्दल मी काय बोललो होतो, ते दोघांनीही काढलं नाही.