फ्लँज पास, जॉइंट नापास

फ्लँजच्या गणिताच्या शेवटी सगळे स्ट्रेस मर्यादेत आले की डिझाइन झाले, अशी नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझी पक्की समजूत होती. त्या समजुतीपायी एका हीट एक्स्चेंजरचे तयार फ्लँज कापून काढावे लागले. माझ्या शीटमधली आकडेमोड कुठेही चुकली नव्हती. तरीही जॉइंट गळला, आणि त्याला कारण मीच होतो. हे सविस्तर लिहितो आहे, कारण आज इतरांची गणिते तपासताना हीच चूक पुन्हा पुन्हा समोर येते.

तेव्हा मी भोसरीतल्या एका फॅब्रिकेशन कारखान्यात डिझाइनला होतो. काम साधेच होते. यू-ट्यूबचा दोन पासचा एक्स्चेंजर, डिझाइनचा दाब 10 बार, ट्यूबशीट चॅनेल आणि शेलच्या फ्लँजमध्ये धरलेली. एएसएमई सेक्शन 8, डिव्हिजन 1 च्या अपेंडिक्स 2 प्रमाणे मी फ्लँज काढले. या पद्धतीचा पाया 1937 साली वॉटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या सूत्रांचा आहे. तीत बोल्टवरचा भार दोनदा काढायचा असतो. एकदा काम चालू असतानाचा: आतला दाब फ्लँज उघडू पाहतो तो जोर, अधिक गॅस्केटवर शिल्लक राहायला हवा तो दाब. तिथे गॅस्केटचा एम हा गुणक लागतो. दुसऱ्यांदा दाब येण्यापूर्वीचा, म्हणजे गॅस्केट जागेवर नीट बसवायला लागणारा. तिथे वाय, म्हणजे गॅस्केट बसायला लागणारा किमान दाब, लागतो. दोन्हींपैकी ज्याला बोल्टचे जास्त क्षेत्रफळ लागेल तो भार धरायचा.

मी धरले होते सीएएफ, म्हणजे दाबलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसचे दीड मिलिमीटरचे गॅस्केट. त्याचा एम 2.75 आणि वाय 26 मेगापास्कल. गॅस्केटचा मधला व्यास 640 मिलिमीटर, रुंदी 12. चालू कामाचा भार निघाला सुमारे 40 टन, बसवण्याचा 32 टन. एम16 मापाचे, बी7 दर्जाचे 20 स्टड परवानगीच्या ताणात 49 टन घेत होते. सगळे व्यवस्थित होते.

मग ग्राहकाचे पत्र आले. प्लँट वारंवार चालू-बंद होणार, म्हणून स्पायरल वाउंड गॅस्केट द्या. महाग आणि चांगले गॅस्केट मागितले आहे, तर त्याने जॉइंट सुधारेलच, असे मी गृहीत धरले. ड्रॉइंगच्या मटेरियलच्या यादीत एक ओळ बदलली, रिव्हिजनचा त्रिकोण काढला आणि ड्रॉइंग शॉपला पाठवले. गणिताची शीट उघडलीच नाही.

स्पायरल वाउंडचा वाय 69 मेगापास्कल असतो. त्याच व्यासाला, त्याच रुंदीला ते बसवायला 32 ऐवजी 85 टन लागतात. शिवाय दोन पासच्या चॅनेलमध्ये मधल्या पार्टिशनखाली गॅस्केटची एक आडवी पट्टी असते. तीही दाबून बसवावी लागते, आणि तो भार त्याच बोल्टांवर येतो. पहिल्या शीटमध्येही मी ती पट्टी धरली नव्हती. ती धरल्यावर आकडा 107 टनांवर जातो. माझे स्टड 49 टनांचे होते आणि फ्लँजची जाडी लागणारे 40 आणि उपलब्ध 49 यांच्या सरासरीवर, म्हणजे सुमारे 44 टनांवर ठरलेली होती.

हायड्रोटेस्टचा दाब 13 बार होता. तो 9 बारवर जाईपर्यंतच चॅनेलच्या फ्लँजखाली पाणी दिसले. मी दाब उतरवून आवळायला सांगितले. पुन्हा गळले. आणखी आवळायला सांगितले. तेव्हा वयाने मोठे असलेले फिटर काका म्हणाले, "साहेब, जितकं आवळतोय तितकं जास्त येतंय. जरा इकडं बघा." त्यांनी फीलर गेजची पाती फ्लँजच्या बाहेरच्या कडेला दोन तोंडांमध्ये घालून पाहिली. ती जात नव्हती. बाहेरची कड मिटत चालली होती. मग त्यांनी कडेभर तशीच तपासणी करून खडूने खुणा केल्या. सगळीकडे तेच होते.

मोठ्या पान्याने जोर लावून आवळले की एम16 चा स्टड गणितातल्या परवानगीच्या दुपटीहून जास्त ताण सहज घेतो. त्यामुळे गॅस्केटला हवा तो भार बहुधा मिळालाही असेल, पण 44 टनांसाठी बेतलेला फ्लँज त्या भाराखाली वाकला. बाहेरची कड जवळ आली आणि आतली उघडली. गॅस्केटची बाहेरची बाजू चिरडली गेली आणि आतली सैल पडली. आणखी आवळा असे सांगून मीच ते वाकणे वाढवत होतो. फ्लँजचा ताठपणा तपासणारी कसोटी पूर्वी कोडमध्ये ऐच्छिक होती, नंतर ती अपेंडिक्स 2 मध्ये सक्तीची झाली. ती इंटिग्रल फ्लँजला 0.3 अंश आणि लूज फ्लँजला 0.2 अंश एवढेच वळण धरून चालते. स्ट्रेस मर्यादेत आहे म्हणजे धातू तुटणार नाही. जॉइंट गळणार नाही याची हमी त्यात नसते.

शेवटी दोन्हीकडचे फ्लँज कापले. नवे फोर्जिंग आणले, जाडी वाढवली, एम24 चे 24 स्टड घेतले. डिलिव्हरी लांबली. मी व्यवस्थापकांना लेखी कळवले की गॅस्केट बदलताना गणित पुन्हा केले नाही, ही चूक माझी आहे. त्यांनी ते पत्र फाइलला लावले आणि नवी शीट स्वतः तपासली.

सवय मात्र एका चुकीने जात नाही. पुढे एका व्हेसलच्या नोझलला मी 316एलचा क्लास 150 फ्लँज लावला. डिझाइन 12 बार, 200 अंश सेल्सिअस. साध्या कार्बन स्टीलला त्या तापमानाला बी16.5 या फ्लँजच्या मानकात 13.8 बार मिळतात, तो आकडा डोक्यात होता. 316एलला 11.2 बारच मिळतात. स्टेनलेस म्हणजे वरचढ, हा तोच विचार होता. इन्स्पेक्टरने ड्रॉइंगवर लाल पेनाने गोल केला म्हणून ते कागदावरच निस्तरले.

दोन्ही वेळी मी एकेक भाग सुटा पाहिला. फ्लँज, गॅस्केट आणि बोल्ट ही तिन्ही मिळून एकच गोष्ट आहे, आणि आवळणाऱ्याचा हातही तिचाच भाग आहे. म्हणून आता गॅस्केट पक्के झाल्याशिवाय मी फ्लँजला हात लावत नाही. शीटच्या पहिल्या पानावर गॅस्केटचे नाव, एम, वाय आणि पार्टिशनची पट्टी लिहायची. पाइपचा मोमेंट येत असेल तर तोही तिथेच. ड्रॉइंगवर टॉर्क लिहायचा, कोणते वंगण लावून तो धरला आहे ते लिहायचे. समोरासमोरचे बोल्ट घेत आधी 30 टक्के, मग 70, मग पूर्ण, आणि शेवटी गोलाकार एक फेरी, हा क्रमही छापायचा. आणि गॅस्केटची ओळ बदलली की शीटलाही नवा रिव्हिजन नंबर पडलाच पाहिजे.

नव्या मुलांना सॉफ्टवेअर हे सगळे चुटकीसरशी काढून देते. पण ते विचारलेल्याच गॅस्केटचे उत्तर देते. शॉपमध्ये कोणते गॅस्केट पोचले, हे डिझायनरने स्वतः विचारायचे असते. मी तेव्हा एवढे विचारले असते, तर ते फ्लँज कापावे लागले नसते.