ठिणगीची वाट

मोटारसायकलीच्या टाकीवरचा रंग, चाकांचे लखलखीत आरे, भोंग्याचा आवाज यांचे कौतुक सर्वांनाच असते. टाकीखालून निघून इंजिनाच्या माथ्याकडे जाणाऱ्या, करंगळीएवढ्याही जाड नसलेल्या काळ्या तारेकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. ही प्लगची वायर. कारागीर तिला एच.टी. वायर म्हणतात. जुनी झाली की ती बदलावी, हे सांगावयास सोपे. परंतु ती जुनी झाली हे ओळखावे कशावरून, हा प्रश्न भल्याभल्यांना चकवितो.

त्यासाठी आधी तिचे काम समजून घ्यावयास हवे. बॅटरीतील वीज ६ किंवा १२ व्होल्टची, म्हणजे अगदी सौम्य. ठिणगी होऊन उडी मारण्याचे बळ तिच्या अंगी नसते. ते तिला कॉइलमध्ये मिळते. कॉइलमध्ये एकाच लोखंडी गाभ्याभोवती जाड तारेचे थोडे आणि बारीक तारेचे हजारो वेढे असतात. जाड तारेतील प्रवाह एकाएकी तोडला की बारीक तारेत दहा-वीस हजार व्होल्टचा लोंढा उसळतो. या किमयेच्या मुळाशी असलेला नियम मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली प्रयोगाने दाखवून दिला. हा लोंढा प्लगपर्यंत सुखरूप पोहोचविणे, एवढेच त्या काळ्या तारेचे काम. परंतु ते किती वेळा करावे लागते पाहा. फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर पेट्रोलची वाफ मिनिटाला २,००० वेळा पेटवावी लागते. तासाभराच्या प्रवासात ही संख्या १,२०,००० होते.

तारेच्या आतील तांबे लवकर झिजत नाही. झिजते ते त्यावरचे आवरण. इंजिनाची धग, ऊन, तेलाचे शिंतोडे आणि सांगाड्याशी होणारे घर्षण यांनी रबर कडक होत जाते. शिवाय इतक्या दाबाची वीज भोवतालच्या हवेत थोडा ओझोन वायू निर्माण करते आणि तो वायू रबराला तडे पाडतो. म्हणजे आपल्याच कामाने तार म्हातारी होते! पडवीत उभ्या केलेल्या गाडीच्या तारेवर उंदरांनी दात चालविणे, हेही आपल्याकडे नवलाचे नाही. कोकणपट्टीत खाऱ्या हवेने तारेच्या टोकाचे तांबे हिरवे पडते, ते वेगळेच.

समजा, श्रावणातल्या पहाटे एक गवळी दोन्ही अंगांना दुधाचे कॅन बांधून करूळचा घाट चढतो आहे. घरून निघताना गाडी ठीक होती. सपाटीवरही तिने कुरकुर केली नाही. चढणीला मूठ पिळताच मात्र ती धाप लागल्यासारखी अडखळू लागते. कारागिरांच्या भाषेत, गाडी ‘मिसिंग’ मारते. धुक्यात पुढचे वळण दिसत नाही, मागून भरलेला ट्रक चढत आहे आणि अशा ठिकाणी इंजिन बंद पडते. दूध नासले तर एका दिवसाची कमाई बुडेल; मागच्या ट्रकाला वेळीच थांबता आले नाही, तर काय होईल हे बोलवत नाही.

सपाटीवर चालणारी गाडी चढणीवरच का अडते? पाटाच्या बांधाला उंदराने बीळ पाडलेले असावे, तसे हे आहे. पाणी मोकळे वाहत असते तोवर बिळातून थोडेसेच झिरपते. पुढे दार आवळून पाणी तुंबविले की ते बिळातूनच धो धो वाहू लागते. चढणीला मूठ पिळली की इंजिनात अधिक वाफ कोंडली जाते. त्या दाटीतून ठिणगी पाडावयास वीज अधिक तुंबावी लागते. तारेला तडा असेल आणि त्यावर पाणी असेल, तर प्लगची अवघड फट सोडून वीज तड्यातूनच इंजिनाच्या पात्यांवर उडी घेते. म्हणूनच प्लग बाहेर काढून त्याची ठिणगी पाहणे, ही परीक्षा पुरेशी नव्हे. मोकळ्या हवेत ठिणगी पडते, पण दाटीत पडत नाही.

उतावळा कारागीर अशा वेळी प्लग, वायर, कॉइल सारेच बदलतो आणि गिऱ्हाइकाचा खिसा हलका करतो. जाणता कारागीर स्वस्त आणि सोप्या गोष्टीपासून आरंभ करतो. आधी प्लग पुसून पाहावा, मग कॅप, मग तार, आणि कॉइलवर संशय सर्वांत शेवटी. तारेची परीक्षा अंधारात उत्तम होते. इंजिन चालू ठेवून तारेवर पाण्याचा बारीक फवारा मारावा; आवरण फुटले असेल तेथे निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. ही परीक्षा मुलांनी लांबूनच पाहावी. चालू इंजिनाच्या तारेला हात लावणाऱ्यास सणसणीत झटका बसतो.

दोष टोकापुरताच असेल, तर नवी तार आणण्याचे कारण नाही. कॅप पिळून काढावी, काळवंडलेले टोक बोटाच्या अर्ध्या पेराइतके छाटावे आणि कॅप पुन्हा घट्ट बसवावी. आवरणाला मध्येच तडा असेल, तर मात्र तडजोड नको. त्यावर चिकटपट्टी गुंडाळणारे पुष्कळ भेटतात, परंतु हजारो व्होल्टपुढे ती पट्टी किती टिकणार? तार वाकविल्यावर काडीसारखी ताठ लागत असेल, तर तडा पडण्याची वाट पाहू नये. घर शाकारतात तसे हे कामही मृगाआधी उरकावे. अमुक इतक्या किलोमीटरांनंतर तार बदलावी, असा सरसकट नियम मात्र शोधू नये. सावलीत राहणारी तार वर्षानुवर्षे टिकते, तर उन्हात उभ्या गाडीची लवकर जाते.

पुष्कळ नव्या गाड्यांत तार कॉइललाच कायमची जोडलेली असते, तेथे दोन्ही एकदमच बदलावी लागतात. काहींत कॉइल प्लगच्या माथ्यावरच बसविलेली असल्याने तारच नसते. जेथे ती आहे, तेथे नवी तार इंजिनाच्या पात्यांपासून आणि सांगाड्याच्या धारेपासून दूर ठेवून न्यावी. टाकी पुन्हा बसविताना ती खाली चेपत नाही ना, हेही पाहावे. पहिल्याच दिवशी नवी तार चेपून ठेवणारे कारागीर काही कमी नाहीत.