उभ्यानं तपासलेले पाय

सलूनच्या धंद्यात पाय दुखण्याला कुणी दुखणं म्हणतच नाही. गिऱ्हाईक खुर्चीत बसतं, कारागीर उभा राहतो. रविवारी तर शटर वर केल्यापासून रात्री दिवे घालवेपर्यंत बूड टेकत नाही. तासगावात ज्यांच्या हाताखाली मी वस्तरा धरायला शिकलो, त्या माझ्या चुलत्यांच्या डाव्या घोट्याला आतल्या बाजूनं जखम होती. वर्षानुवर्षं वाहायची. हळद लावून झाली, झाडपाला बांधून झाला, कुणी साखरेची जखम म्हणालं, पण त्यांना साखर नव्हतीच. पोटरीवरच्या फुगलेल्या हिरव्यानिळ्या शिरांचा आणि त्या जखमेचा काही संबंध असेल, असं घरात कुणाच्या मनातही आलं नाही.

माझ्याही पोटरीवर तशाच शिरा दिसायला लागल्या. घोट्याजवळची कातडी काळपट पडली, खाज सुटली, तेव्हा सोमवारी दुकान बंद असतं म्हणून तोच दिवस धरून मी मिरजेला गेलो. दवाखान्यासाठी मिरज गाठायची आमच्या भागात जुनी रीत आहे. तिथं काय काय झालं ते सविस्तर सांगतो, कारण असले पाय घेऊन जगणारे माझ्या ओळखीत खूप आहेत, आणि ‘एकदा दाखवलं की कापतातच’ या भीतीनं ते जात नाहीत.

माझी एक डॉप्लर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी, आधीच झाली होती. एकदा पाय अचानक सुजला होता, तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी तातडीनं पाठवलं होतं. ती निजवून केली होती आणि रिपोर्टमध्ये रक्ताची गाठ नाही असं आलं. घरचे निर्धास्त झाले, पायात काही नाही म्हणाले. मिरजेच्या डॉक्टर मॅडमनी तो रिपोर्ट नीट वाचला आणि म्हणाल्या, “काका, तेव्हा गाठ शोधायची होती, ती नव्हती. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलं. पण शिरेत गळती आहे का, ते यात बघितलेलंच नाही.” या दोन वेगळ्या तपासण्या आहेत, हे मला तिथं कळलं.

नंबर लावताना फोनवरच सांगितलं होतं: सैल हाफ पँट आणा, पायाला तेल किंवा मलम लावू नका, जेवून या, जुने कागद आणि चालू गोळ्या बरोबर ठेवा. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. वेळ दुपारनंतरची दिली होती, दिवसभर उभं राहिल्यावर शिरा चांगल्या भरतात म्हणून.

मॅडमनी आधी प्रश्नच विचारले, आणि भरपूर विचारले. आईवडिलांच्या पायाला असं होतं का? दिवसाचे किती तास उभे असता? सूज संध्याकाळी येऊन सकाळी उतरते का? पाय उशीवर ठेवला की बरं वाटतं का? रात्री पेटके येतात का? कधी पायाला प्लास्टर घातलं होतं का? चालता चालता पोटरी इतकी दुखते का, की थांबावंच लागतं? हा शेवटचा प्रश्न शुद्ध रक्ताच्या नळ्यांसाठी असतो. बाई असेल तर बाळंतपणं किती झाली, पाळी लांबवायच्या किंवा कुटुंबनियोजनाच्या गोळ्या चालू आहेत का, हेही विचारतात.

मग मला एका बुटक्या स्टुलावर उभं केलं. पुढून बघितलं, मागून बघितलं, उजेड धरून बघितलं. घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला आणि उचलल्यावर खळगा राहतो का ते पाहिलं. काळ्या पडलेल्या कातडीवर बोटं फिरवून ती कुठं कडक झालीय ते चाचपलं. पावलावरची नाडी बघितली. दंडाला आणि घोट्याला पट्टा बांधून दोन्हीकडचं प्रेशर मोजलं. घोट्याचं प्रेशर दंडाच्या प्रेशरशी ताडून बघतात. ते प्रमाण ०.९ च्या खाली आलं तर पायाला शुद्ध रक्त कमी पोचतंय असं समजतात, आणि तशा पायात घट्ट मोजे आपल्या मनानं चढवले तर इजा होऊ शकते. मेडिकलमधून परस्पर मोजे आणून घालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, असं मला कळकळीनं वाटतं.

त्यानंतर डॉप्लर, आणि ती उभ्यानं. कठड्याला धरून उभं राहायचं, भार दुसऱ्या पायावर द्यायचा आणि तपासायचा पाय गुडघ्यात थोडा वाकवून सैल सोडायचा. सुरुवात जांघेपासून. तिथं गार जेल लावून यंत्राचा दांडा टेकवतात. याच कारणानं बायका या तपासणीला बिचकतात. माझी मंडळी बरोबर होती, तिलाही तेच वाटत होतं. तिला सांगितलं की बाई डॉक्टर मागून घेता येते, नर्स जवळ थांबते आणि अंगावर चादर असते.

मॅडम एका हातानं माझी पोटरी दाबून सोडत होत्या आणि नजर पडद्यावर होती. पोटरी दाबली की रक्त वर जातं. सोडल्यावर शिरेतल्या झडपा मिटायला हव्यात आणि रक्त तिथंच थांबायला हवं. अर्ध्या सेकंदापर्यंत मागं आलं तरी चालतं. माझं त्याहून कितीतरी जास्त वेळ मागं येत होतं, पडद्यावर रंग पालटलेला मलाही दिसत होता. विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह खराब झाला की पाइपातलं पाणी खाली उतरतं, ते आमच्या भागातल्या द्राक्षवाल्यांना सांगायला नको. माझ्या शिरेचं तेच झालं होतं. घोट्यापासून मांडीच्या आतून वर जाणारी लांब शीर जांघेत जिथं खोल शिरेला मिळते, तिथली झडप निकामी होती. फुगवटा पोटरीवर दिसत होता, गळती मात्र जांघेत होती. पोटरीला कितीही मालिश केलं असतं तरी त्या झडपेला काय फरक पडणार होता?

खोल शिरा दांड्यानं दाबूनही बघितल्या. चांगली शीर दाबली की चपटी होते, आत गाठ असेल तर होत नाही. दोन्ही पायांना मिळून पाऊण तास लागला. सुई नाही, काप नाही. उभं राहून कुणाला चक्कर येऊ शकते. तसं वाटलं तर लगेच सांगायचं, ते बसवतात.

कागदावर मॅडमनी ‘सी ४’ असं लिहिलं. निरनिराळ्या देशांच्या डॉक्टरांनी १९९४ साली ही प्रतवारी ठरवली, शून्यापासून सहापर्यंत. बारीक जाळीसारख्या शिरा म्हणजे एक, फुगलेल्या शिरा दोन, सूज तीन, कातडी बदलली की चार, जखम होऊन भरली असेल तर पाच, उघडी जखम असेल तर सहा. चुलत्यांचा पाय सहाव्या पायरीवर होता. वेळेत कुणी त्यांना असं स्टुलावर उभं केलं असतं तर, हा विचार अजून जात नाही.

मंडळींच्या मांडीवर नुसती जांभळी जाळी होती, बाकी काही त्रास नाही. तिला मॅडमनी काहीच करायला सांगितलं नाही, डॉप्लरसुद्धा नाही. मला लेसर सुचवलं. बिघडलेली शीर आतून बंद करतात आणि रक्त खोल शिरांनी वर जातं. तोवर मोजे घालायचे. त्यांचं माप सकाळी, सूज नसताना घ्यायचं आणि पाय खाटेवरून खाली टेकायच्या आत ते चढवायचे.

लग्नसराईत दुकान सोडवणार नाही, म्हणून मी पुढची तारीख मागितली. मॅडमनी काळ्या कातडीवर बोट ठेवलं आणि अलीकडची दिली. कारागिरावर दुकान सोपवून मी ती घेतली. निघताना त्यांनी आम्हा दोघांनाही बजावून सांगितलं: एकच पाय एकदम सुजून दुखायला लागला किंवा दम लागला तर नंबर लावत बसू नका, थेट या. शीर फुटून रक्त आलं तर आडवं व्हा, पाय छातीपेक्षा उंच धरा, स्वच्छ फडक्यानं दाबून ठेवा आणि मग गाडी बोलवा.