आपल्या हातातलं वर्तमानपत्र

2024च्या द्राक्ष हंगामात आमच्या सायखेड्यात तांबडा समुद्र रोजच्या बोलण्यात आला. येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे युरोपला जाणारी जहाजं सुएझची वाट सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला, कंटेनरचं भाडं चढलं. निफाड तालुक्यातल्या बागायतदाराला जाणून घ्यायचं होतं की माल कधी पोचेल, वाढीव भाडं कोणाच्या हिशेबातून जाईल, आणि मुळात हे हल्ले का होताहेत. रात्री टीव्हीवर दिसायची ती संगणकावर रंगवलेली क्षेपणास्त्रं. येमेनमधला माणूस त्यात नव्हता, ज्या गाझाच्या नावानं हे हल्ले चालले होते तिथलाही नव्हता. गोदाकाठचा तर नव्हताच.

पक्षपात म्हणजे खोटी बातमी, असं आपण धरून चालतो. मला वाटतं, खोटं न सांगताही तो करता येतो. बातमीदार कुठे उभा राहिला आणि कधी निघून गेला, एवढ्यानं काम होतं. आमच्या गावानं हे अनुभवलं आहे. ऑगस्ट 2019मध्ये गोदावरी सायखेडा-चांदोरीत शिरली तेव्हा पूल आणि पाणी सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. पाणी ओसरल्यावरचा चिखल आणि दुकानांतला कुजलेला माल पाहायला फार थोडे कॅमेरे थांबले. इथे निदान आम्ही साक्षीला होतो. परक्या देशातल्या युद्धाला आपल्याकडून साक्षीदार कुठून आणायचा?

उपहासाचं मोल मला इथे वाटतं. त्याला साक्षीदार लागत नाही. आहे तीच बातमी तो अशी समोर धरतो की तिच्यातली रिकामी जागा दिसू लागते.

मराठीत असा उपहास शिवराम महादेव परांजपे यांनी केला. त्यांनी 1898मध्ये पुण्यात ‘काळ’ हे साप्ताहिक सुरू केलं. नाशिकच्या ‘मित्रमेळा’ या क्रांतिकारी संघटनेतली तरुण मंडळी ते भक्तीनं वाचत. 1899 ते 1902चं बोअर युद्ध आणि 1904-05चं रशिया-जपान युद्ध याच साप्ताहिकाच्या काळातली. इकडच्या संपादकांपर्यंत परदेशची बातमी यायची ती मुख्यतः रॉयटर या वृत्तसंस्थेच्या तारेनं, म्हणजे लंडनमार्गे. अशा वेळी परांजप्यांची वक्रोक्ती वाचकाला एक सवय लावत होती. साम्राज्याचा न्याय, त्याची दया, त्याचा पराक्रम यांची स्तुती ते इतक्या तन्मयतेनं करत की वाचणारा थबकायचा आणि विचारायचा, मग हे आपल्याला का दिसत नाही? ही सवय एकदा जडली की पुढची प्रत्येक तार तो तशीच वाचणार. सरकारला याचीच धास्ती होती. 1908मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात परांजप्यांना 19 महिन्यांची शिक्षा झाली. पुढे ‘काळा’तले निवडक निबंधही सरकारनं जप्त केले.

त्याच बोअर युद्धात इंग्रजांनी बायका-मुलांना छावण्यांत कोंडलं आणि तिथे 26,000हून अधिक बोअर बायका-मुलं मेली. कोंडलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांतले मृत्यू तर कित्येक वर्षं कुणी नीट मोजलेही नाहीत. एमिली हॉबहाउस या इंग्रज बाईनं 1901मध्ये छावण्या स्वतः पाहून अहवाल दिला, तेव्हा तिच्याच देशातल्या वर्तमानपत्रांनी तिला झोडपलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पॅरिसच्या ‘लासिएत ओ बर’ या साप्ताहिकात झाँ व्हेबर या चित्रकारानं त्या छावण्यांवर अख्खा अंक काढला. वर हाल, खाली सरकारी अहवालाच्या थाटातला शांत, समाधानी मजकूर. त्या दोन्हींमधलं अंतर पाहून आजही अंगावर काटा येतो. तरीही परांजप्यांना आणि व्हेबरला मी एका पंगतीत बसवणार नाही. फ्रेंच चित्रकार प्रतिस्पर्धी साम्राज्याचं पाप रंगवत होता. फ्रेंच सैन्य आफ्रिकेत जे करत होतं ते त्या अंकात नव्हतं.

उपहास करणारा स्वतः निःपक्षपाती असतोच, असं नाही. इव्हलिन वॉ 1935मध्ये ‘डेली मेल’चा बातमीदार म्हणून अबिसीनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात गेला आणि 1938मध्ये त्यानं ‘स्कूप’ ही कादंबरी लिहिली. तिच्यात एक नामांकित बातमीदार रेल्वेत झोपून जातो, भलत्याच राजधानीत उतरतो आणि तिथूनच दंगलीची तार ठोकतो. मग बाकीचे पत्रकार धावत येतात, तेही तेच लिहितात आणि शेवटी तिथे खरोखरच क्रांती पेटते. बातमीच्या धंद्याचं इतकं अचूक चित्र काढणारा हा लेखक प्रत्यक्षात मात्र त्या देशावर चढाई करणाऱ्या इटलीच्या बाजूचा होता. मला हे फार टोचतं. वर्तमानपत्राचा खोटेपणा ज्याला एवढा स्वच्छ दिसला, त्याला इथिओपियाचा माणूस दिसला नाही.

मे 2025मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षातल्या एका रात्री आपल्याकडच्या काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगून टाकलं. तसं काही झालं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मोबाइलवर थट्टेला ऊत आला आणि ती थट्टा रास्तच होती. पण ती बहुतेक निवेदकांच्या ओरडण्याची होती. आपण त्या रात्री वाहिनी का बदलली नाही, ती बातमी खरी असावी असं आपल्यालाच का वाटत होतं, हे विचारणारं व्यंगचित्र माझ्या पाहण्यात आलं नाही. परांजप्यांवर खवळलेलं सरकार परकं होतं आणि वाचक त्यांच्या पाठीशी होता. आज असं चित्र काढणाऱ्यावर वाचकच खवळेल, चावडीवरचा शेजारीही बोलायचा थांबेल. तरीही ते कुणीतरी काढावं आणि आपल्या मराठीत काढावं, असं मला मनापासून वाटतं.