दोन सायकली, दोन दिवस आणि आपले धुळे

आपल्या घरांत प्रवासाची कारणे ठरलेली असतात. लग्न, मयत आणि सभा. त्यात भर पडते ती नागपूरच्या दीक्षाभूमीची आणि 6 डिसेंबरच्या दादरची. हे प्रवास व्हायलाच हवेत. पण नवरा-बायको दोघांनी, कोणाच्याही कामासाठी नव्हे, नुसते एक गाव डोळे भरून पाहावे म्हणून घराबाहेर पडावे, ही गोष्ट अजूनही आपल्याकडे थोडी चैनीची आणि थोडी लाजेची समजली जाते. "पोरे मोठी झाली, आता कुठे हिंडता?" असे विचारणारे घरातच निघतात. आम्ही उभयतांनी गेल्या जानेवारीत ही लाज बाजूला ठेवली. शनिवार-रविवारची सुट्टी धरून जळगावहून धुळ्यास गेलो आणि ते शहर दोन सायकलींवर पाहिले. वाचक बंधू-भगिनींना त्याचा वृत्तांत सांगावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आजकाल परदेशी जाऊन आलेली तरुण जोडपी ॲमस्टरडॅमचे फोटो दाखवतात. कालव्याच्या काठी दोघे सायकलवर, मागे टुमदार घरे. पाहून छान वाटते. पण ते शहर पहिल्यापासून सायकलवाल्यांचे नव्हते. मोटारी वाढल्या तशी तिथेही सायकल बाजूला फेकली गेली. 1971 या एका वर्षात नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसे मेली, त्यांत 400 हून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले आणि "बालहत्या थांबवा" अशी चळवळच उभी राहिली. 1973 च्या तेलटंचाईने त्या मागणीला बळ दिले आणि हळूहळू सायकलींसाठी वेगळे रस्ते झाले. म्हणजे आज पर्यटक ज्याचे कौतुक करतात ते सुख तिथल्या लोकांनी भांडून मिळवलेले आहे. चळवळीत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आम्हाला ॲमस्टरडॅम परवडणारे नाही. पण सायकलवरून शहर पाहायला विमानाचे तिकीट लागतेच असे कुठे आहे?

धुळेच का?

जळगावकर पाहुण्यांना अजिंठा दाखवतो. धुळे म्हणजे त्याच्या लेखी नाशिक-सुरतेकडे जाताना गाडी बदलायचे ठिकाण. वास्तविक 1906 पर्यंत जळगाव आणि धुळे एकाच खानदेश जिल्ह्यात होते. मग पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. भाषा एक, भाकरी एक, कळण्याची. तरी सख्ख्या भावाचे घर आपण कधी आतून पाहिलेले नाही.

एरंडोल-पारोळ्यामार्गे नव्वदेक किलोमीटरचा एस.टी.चा प्रवास. मार्च 2023 पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे, त्यामुळे दोघांचा प्रवास दीड तिकिटात झाला. हिशेबाची सवय असल्याने ही नोंद आधी करतो. देवपुरात आमचे साडूभाऊ राहतात. त्यांच्या घरी एक मुलाची आणि एक भाचीची, अशा दोन सायकली होत्या. चेनला तेल दिले, हवा भरली, घंटी वाजते का पाहिले आणि पांझरेचा पूल ओलांडून निघालो.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या सहचारिणी वयाच्या चाळिशीत सायकल शिकल्या. तापीकाठच्या ज्या खेड्यात त्यांचे बालपण गेले, तिथे घरात एकच सायकल होती आणि ती भावांची होती. लग्नानंतर वीस वर्षे त्या आमच्या सायकलच्या आणि नंतर स्कूटरच्या मागे बसल्या. पुढे शाळेच्या मैदानावर पहाटेच्या अंधारात, मैत्रिणीच्या लेडीज सायकलवर त्यांनी तोल सांभाळायला शिकून घेतले. त्यांचे म्हणणे असे, की कॅरिअरवर बसणाऱ्याला पुढच्याची पाठ दिसते, रस्ता दिसत नाही. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात 1991 नंतर साक्षरतेच्या चळवळीबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली. लाखभर खेडूत बाया सायकल चालवू लागल्या, असे पी. साईनाथ यांनी लिहिले आहे. अक्षरओळख आणि सायकल यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध इतकाच की दोन्हींमुळे बाईला कुठे जायचे ते दुसऱ्याला विचारावे लागत नाही.

आकड्यांच्या गल्ल्या

धुळ्याची जुनी पेठ सायकलसाठीच आखली असावी असे वाटते. 1818 साली खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने 1819 मध्ये धुळे हे मुख्य ठाणे निवडले आणि जुन्या गावाशेजारी नवी वसाहत आखली. दुरून कारागीर आणले, बऱ्हाणपूरचे व्यापारी बोलावले, जागा सवलतीने दिल्या. सरळ रस्ते आणि त्यांना छेद देणाऱ्या सरळ गल्ल्या. या गल्ल्यांना नावे नाहीत, नंबर आहेत. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. कारकुनी पेशातल्या माणसाला याहून सोयीचे काय असणार?

खेड्यात आळी म्हटली की आधी जात सांगितली जाते. इथे पत्त्यात आकडा येतो. मात्र रेषा सरळ आखली म्हणून माणसे लगेच सरळ वागली, असा इतिहास नाही. तरीही नंबरच्या गल्लीतून सायकल घेऊन जाताना, ही वाट कोणाची, असा प्रश्न मनाला शिवत नाही हे खरे.

पाच कंदिलाजवळ गर्दी इतकी की सायकल हातात धरून चालावे लागले. भाजीवाल्या एका वृद्ध मावशींनी सहचारिणींना थांबवून विचारले, "कोठे जाई ऱ्हायनी व माय?" त्या म्हणाल्या, "फिराले." मावशी क्षणभर पाहत राहिल्या, मग हसून मूठभर हरभऱ्याचा पाला पिशवीत टाकला आणि पैसे घेतले नाहीत. मोटारीच्या काचेतून हा सौदा झाला नसता.

धुळ्यात इतिहासाला दोन दारे आहेत. एक राजवाडे संशोधन मंडळाचे. गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा करणारे वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने हे मंडळ उभे राहिले. दुसरे दार कॉम्रेड शरद पाटील यांचे. 1925 साली धुळ्यात जन्मलेल्या या माणसाने 1978 साली सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला, 'दास-शूद्रांची गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि मार्क्सला फुले-आंबेडकरांशेजारी बसवले. 2014 मध्ये ते गेले. राजवाड्यांनी कागद जमवले, पाटलांनी त्याच इतिहासाला खालच्या बाजूने प्रश्न विचारले. एकाच शहरात दोन्ही घडले, हे धुळ्याचे वैभव मानले पाहिजे.

दुपारी जिल्हा कारागृहावरून गेलो. 1932 साली इथे दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. आमची वाट वेगळी आहे. पण तुरुंगातही वही-पेन्सिल सोडू नये, हे त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे.

उन्हे उतरल्यावर गोंदूरकडे निघालो. धुळ्याजवळच्या या खेड्यात 19 फेब्रुवारी 1925 ला शिल्पकार राम सुतार यांचा जन्म झाला. सुतारकाम करणाऱ्या घरातला मुलगा. श्रीराम जोशी या शिक्षकांनी त्याचा हात ओळखला आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचा रस्ता दाखवला. पुढे पुरातत्त्व खात्याच्या नोकरीत अजिंठा-वेरूळच्या लेण्यांतील शिल्पांच्या डागडुजीचे काम त्यांनी केले. सरदार पटेलांचा 182 मीटर उंचीचा पुतळा त्यांचा, आणि इंदू मिलच्या जागेवरील बाबासाहेबांच्या पुतळ्याचे कामही त्यांच्याकडेच आले. शंभरी पूर्ण करून डिसेंबर 2025 मध्ये त्यांचे निधन झाले. गावात उगीच हिंडलो. दारात तासणी-रंधा घेऊन कोणी काम करताना दिसला की आता नजर तिथे जरा थांबते. परतताना नकाणे तलावाच्या पाण्यावर सांजेचा उजेड होता. दोघेही बराच वेळ काही बोललो नाही. संसारात असे गप्प बसायलाही सवड काढावी लागते.

लळिंगची चढण

रविवारी भल्या पहाटे लळिंगसाठी निघालो. मुंबई-आग्रा महामार्गाने दक्षिणेला आठ-नऊ किलोमीटर. थंडी अशी की हँडल धरलेली बोटे आखडली. महामार्गावर ट्रकची वर्दळ असते, म्हणून कडेने, एकामागे एक, सहचारिणी पुढे आणि आम्ही मागे. पुढच्याने वेग ठरवायचा, मागच्याने सांभाळायचे. वीस वर्षांच्या क्रमाची अदलाबदल झाली आणि काहीही बिघडले नाही.

लळिंगचा फारुकी काळातला किल्ला उजेडात उभा राहिला. पायथ्याजवळून वनखात्याच्या कुरणात शिरलो. चढावर सायकली हातात घेतल्या. वर लांडोर बंगला. 1937 साली धुळ्याच्या न्यायालयात खटल्याच्या कामासाठी आले असता बाबासाहेबांनी या बंगल्यात मुक्काम केला होता. त्याची आठवण म्हणून दरवर्षी 31 जुलैला खानदेशातून आणि बाहेरून हजारो लोक इथे येतात. निळे झेंडे, गाणी, पुस्तकांची दुकाने, भर पावसात उसळलेली गर्दी. त्या गर्दीत आम्हीही आलो आहोत. पण गर्दीत माणसे दिसतात, जागा दिसत नाही. जानेवारीच्या त्या सकाळी जागा दिसली. पिवळे पडलेले गवत, खाली पसरलेले धुळे आणि फक्त वारा.

कट्ट्यावर बसून भाकरी-ठेचा सोडला. बोलता बोलता सन 1937 चा विषय निघाला. त्याच वर्षी बाबासाहेब मुंबई विधानसभेवर निवडून आले होते आणि इथल्या मुक्कामानंतर थोड्याच दिवसांत, 17 सप्टेंबरला, त्यांनी महार वतन नष्ट करण्याचे विधेयक मांडले. वतन म्हणजे काय होते? सरकारी सारा तालुक्याला पोचवणे, निरोप घेऊन गावोगाव पळणे, साहेबाच्या घोड्यापुढे वाट दाखवत धावणे. ऊन-पाऊस, रात्र-अपरात्र पाहायची नाही. आपल्या आजे-पणज्यांनी मुलूख कमी पाहिला नाही, उलट पायांखाली घालून तुडवला. पण त्यांतले एक पाऊल स्वतःच्या मर्जीचे नव्हते. जायचे कुठे ते दुसरा ठरवत होता, आणि पोचल्यावर बसायला जागा गावकुसाबाहेर होती.

सहचारिणी म्हणाल्या, "आणि बायांना तर तेवढेही नव्हते. पाणी, सरपण आणि माहेर."

म्हणून आम्हाला वाटते, की आपल्या मर्जीने, आपल्या माणसाबरोबर, कोणाचा हुकूम नसताना दहा कोस जाऊन येणे ही चैन नव्हे. वतनाची बेडी तुटल्यावर जी मोकळीक मिळाली, तिचाच तो एक उपयोग आहे. सभेला जाणे हे कर्तव्य आहे. पण मोकळ्या माणसासारखे हिंडून येणे, हेसुद्धा ज्या हक्कांसाठी सभा भरल्या त्यांत बसते. आधीच्या पिढीचे कार्यकर्ते सायकलच्या कॅरिअरला पत्रकांचा गठ्ठा बांधून गावोगाव हिंडले. त्यांनी खस्ता खाल्ल्या त्या पुढच्यांना कधीतरी रिकाम्या कॅरिअरने फिरता यावे म्हणूनच ना?

उताराला पायडल मारावे लागले नाही. शहरात आल्यावर जुन्या ट्रॅव्हलर्स बंगल्याच्या जागी गेलो. बाबासाहेब उतरले होते ती ही जागा आज संदेशभूमी म्हणून जपली आहे. वंदन केले, साडूभाऊंकडे जेवलो, सायकली पुसून ठेवल्या आणि धुळे-चाळीसगाव गाडी धरली. 1900 साली सुरू झालेला हा फाटा खानदेशाच्या कपाशीच्या शेतांतून जातो. चाळीसगावला गाडी बदलून रात्री घरी पोचलो. दोघांचा सारा खर्च एका जवळच्या लग्नातल्या आहेराहून कमी भरला.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द

दिवस हिवाळ्याचे निवडावेत. खानदेशचा उन्हाळा सायकलला सोसत नाही. महामार्गावर उजाडताना जावे आणि ऊन तापायच्या आत परतावे. सायकल नात्यागोत्यात मिळतेच, फक्त ब्रेक आणि हवा स्वतः तपासावी. पाणी, भाकरी, पंक्चरचे सामान बरोबर असावे. कुरणात प्लास्टिक टाकू नये आणि काडी पेटवू नये, वाळके गवत क्षणात पेट घेते. एका दिवसात फार ठिकाणे पाहण्याचा हट्ट नको.

आणि एक महत्त्वाचे. सायकली दोन घ्याव्यात. घरात मुलगी असेल तर तिसरीही. शाळेच्या वयात तिचा तोल सावरला गेला, तर चाळिशीत पहाटेच्या अंधारात मैदान शोधावे लागणार नाही. धुळे नसेल तर जवळचे दुसरे कोणतेही गाव चालेल. तालुक्याचे ठिकाण असो की नदीकाठचे खेडे, आपल्या वाट्याचा मुलूख आपण आपल्या डोळ्यांनी पाहिला पाहिजे.