आभाळ निळे होते तरी

भाईजान फिनिक्सला असतात. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो, तेव्हा पुतण्याने बेत आखूनच ठेवला होता. युटाच्या वाळवंटातल्या अरुंद घळींत दोर बांधून उतरायचे!

"फूफीजान, ऑगस्टात जाऊ. ढग असतात, ऊन लागत नाही."

आम्हाला धास्ती नेमकी ढगांचीच. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातल्या लोअर अँटिलोप घळीत ११ पर्यटक वाहून गेले. पाऊस कोसळला होता कित्येक मैल वरच्या बाजूला. सप्टेंबर २०१५ मध्ये झायनच्या कीहोल घळीत ७ जण गेले. भिंती गुळगुळीत, पाणी आले की चढायचे कुठे?

भाभीजान गप्पच होत्या. शेवटी जुलैचा पहिला आठवडा ठरला, आम्ही शाळेतून रजा वाढवून घेतली. आता घळ कोणती? स्पूकी कोरडी, पण तिथवर उघड्यावर तापलेली वाळू तुडवायची, आणि आत इतकी चिंचोळी की पाठीवरची पिशवी हातात धरावी लागते. (आमच्या ह्यांचे पोट पाहता तो विषयच संपला.) कीहोलमध्ये सावली, पण उन्हाळ्यातही पाणी बर्फासारखे, वेटसूट हवाच. पुतण्या आणि त्याचे दोन सराईत मित्र उतरणार, आम्ही बाहेर थांबणार, असे ठरले. परवानाही मिळाला.

त्या सकाळी पुराचा अंदाज होता 'शक्य'. आभाळ मात्र निळेशार. भाईजान एवढेच म्हणाले, "बेटा, आज नको."

त्याने दोर गुंडाळला. दुपारपर्यंत आमच्याशी बोलला नाही. संध्याकाळपर्यंत पाऊसही आला नाही.