भोनच्या पांढरीवर एक प्रश्न

शेगावहून उत्तरेला, पूर्णेच्या काठी संग्रामपूर तालुक्यातले भोन गाव आहे. बुद्धपौर्णिमेनंतरच्या रविवारी आमच्या वस्तीतील पंधरा-वीस जण लेकराबाळांसह तेथे गेलो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. भास्कर देवतारे यांनी या पांढरीत उत्खनन केले आणि इ. स. पूर्व तिसऱ्या शतकाच्या सुमाराचा स्तूप उजेडात आला.

वंदना घेऊन शिदोरी सोडली, तेव्हा एका मुलीने हातातल्या काकणांकडे पाहत विचारले, "त्या वेळच्या बाया हातात काय घालत होत्या?"

उत्तर फार लांब नाही. बुलडाण्याहून धाडमार्गे गेले की जालना जिल्ह्यातले भोकरदन लागते. हेच प्राचीन भोगवर्धन. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि आज बाबासाहेबांचे नाव धारण करणारे मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून तेथे उत्खनन केले. त्यात शंखाच्या बांगड्या निघाल्या.

समुद्र कुठे, भोकरदन कुठे! शंख व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर घाट चढून येई. बांगडी करताना कारागीर शंखाच्या आतला पिळाचा दांडा काढून टाकी आणि करवतीने आडवी कडी कापी. एका शंखातून मोजकीच कडी निघत. ती दगडावर घासायची, मग वर बारीक नक्षी कोरायची. हात जरा चुकला की कडे तडकले. बंगालात विष्णुपूरचे शांखारी आजही हे काम करतात.

याच भोगवर्धनच्या लोकांनी सांचीच्या स्तूपाला दान दिले. त्यांच्या गावाचे नाव तेथील दगडावर ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे. स्तूप केवळ राजांनी उभारले नाहीत. गावोगावच्या उपासक-उपासिकांच्या दानातूनही ते उभे राहिले.

आज मात्र गावोगावच्या पांढरीची माती शेतात टाकायला, घर सारवायला खणून नेतात. तीत पांढरे कडे दिसले तर हाडूक समजून फेकतात. भोनची जागा तर जिगाव प्रकल्पाच्या बुडित क्षेत्रात धरलेली आहे. शेताला पाणी हवेच, त्याला आमचा विरोध नाही. पण आपल्या पूर्वजांची खूण नीट जपल्याशिवाय ती पाण्याखाली जाऊ नये, एवढे मागणे आपण एकजुटीने मांडलेच पाहिजे.

बांधवांनो, भगिनींनो, सुटीच्या दिवशी मुलांना गावच्या पांढरीवर घेऊन जा. काही सापडले तर घरी आणू नका, विकू नका. जागा लिहून ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. जयभीम!